मी दिसतोय का?

मागच्या महिन्यात नागपूरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "ताई, मला लायसन्स मिळालं. आता एखादी छोटी, सेफ गाडी सांग ना. तू बंगलोरला घेतली होतीस तशी." मी एअरबॅगचं नाव काढलं नाही की मायलेज विचारलं नाही. माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "गाडीतून नेणार कुणाला?" ती म्हणाली, "म्हणजे?" मला एकदम हसू फुटलं. कारण हा प्रश्न माझा नाहीच. तो मानोजीअण्णांचा. त्यांनी तो मला विचारला होता तेव्हा मीसुद्धा असंच तोंड वासून "म्हणजे?" म्हटलं होतं.

मानोजीअण्णा माझे बंगलोरचे घरमालक. बनशंकरीतल्या एका उताराच्या गल्लीत त्यांचं घर. खाली ते आणि त्यांच्या पत्नी पद्मक्का, वरच्या मजल्यावर मी. त्यांना मूलबाळ नव्हतं. घराणं मराठी, पण तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि उरलेल्या निम्म्याला जागोजाग 'की' चिकटवलेलं. मला नागपुरी बोलताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "तुमची मराठी स्वल्प भांडल्यासारखी वाटते की." आता बोला! मी म्हटलं, अण्णा, भांडले तर तुम्हाला फरक कळेल.

काटक, ठेंगणे. डोक्याला मधोमध टक्कल आणि कानांच्या वर पांढरे केस. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पीण्या नावाच्या औद्योगिक वस्तीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते तपासणी खात्याचे मॅनेजर होते. उभी नोकरी पास नाहीतर रिजेक्ट म्हणण्यात गेली. रिटायर झाल्यावर सवय सुटते थोडीच! बाजारातली भेंडी रिजेक्ट. इस्त्रीवाल्याची घडी रिजेक्ट. मी एकदा हौसेनं साबुदाण्याची खिचडी खाली नेऊन दिली. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "रिजेक्ट नाही. रिवर्क." पद्मक्का म्हणाल्या, "तुझं नशीब चांगलं. माझ्या लग्नातल्या पुरणपोळीला यांनी ते पण म्हटलं नव्हतं."

पास झालं की मात्र एकच शब्द. सरी. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक, बरोबर. बंगलोरात हा शब्द रिक्षावाल्यापासून केळीवालीपर्यंत सगळे दिवसभर उधळत असतात. अण्णा तो तोंडातून काढायचे तेव्हा हाताने दोन थापा मारायचे, जे पास झालं असेल त्यावर. कलिंगडावर, दारावर, पाण्याच्या टाकीवर. थापा पडल्या नाहीत तर समजायचं, अजून मनात काहीतरी आहे.

कारखान्यातली एक गोष्ट ते कायम सांगायचे. संध्याकाळी कॉफी घेताना कुणी नवीन माणूस सापडला की हमखास. एकदा म्हणे त्यांचा मोजमापाचा गेज बिघडला. फाटकात ट्रक उभा, माल भरायचा. मालक स्वतः खाली आले आणि म्हणाले, "कालचाच माल आहे, कालचंच मशीन आहे, कर सही." अण्णा म्हणाले, "काल चांगलं होतं ते कालचं झालं. आज मला मोजता येत नाही. मोजता आलं नाही ते पास नाही." ट्रक रिकामा गेला. मालकांनी किती तरी दिवस यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"आणि यांना त्याचं काडीचं दुःख नाही!" पद्मक्का आतून ओरडायच्या. "ट्रक रिकामा गेला म्हणून घरी येऊन दोन लाडू जास्त खाल्ले."

"ब्रेक आहे तो, पद्मा. पेढा नव्हे."

मी गाडी शिकले ती आईसाठी. तिचे गुडघे गेलेले, ती माझ्याकडे राहायला यायची होती आणि रिक्षात चढताना तिचे हाल मला बघवत नव्हते. ऑफिसातल्या लोकांनी मला इंटरनेटवरचे इतके व्हिडिओ पाठवले होते की मला स्वप्नात बोनेट दिसायला लागलं होतं. मी अण्णांना विचारलं, कुठली घेऊ? त्यांनी बजेट विचारलं नाही. विचारलं, "नेणार कुणाला?" मी तोंड वासून म्हटलं, म्हणजे? मग म्हणाले, आईला. "आई जाड की बारीक?" मी म्हटलं, पद्मक्कांएवढी. "मग पद्मा येते आपल्याबरोबर."

असे आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला पोरगा पुढे आला आणि मोठा स्क्रीन दाखवायला लागला. यावर गाणी, यावर नकाशा, याच्याशी बोललं तर हा उत्तर देतो. अण्णा म्हणाले, "गाणी नंतर की. आधी मला बसू दे." ते स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मान न हलवता समोर बघत राहिले, मग डोळे डावीकडे, मग उजवीकडे. काचेच्या दोन्ही बाजूंना जो खांब असतो त्याच्याआड काय काय जातंय ते बघत होते. शोरूमचा एक माणूस ट्रे घेऊन चालला होता, त्याला थांबवून म्हणाले, "मागे जा. आता पुढे ये. स्वल्प हळू." तो बिचारा कॉफी सांडत मागेपुढे करत राहिला.

मग मला बसवलं. पद्मक्का मागे बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या, म्हणजे आई झाल्या. आणि अण्णा गेले गाडीच्या मागे आणि खाली बसले. गुडघ्याचा कट्कन आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"स्नेहलम्मा, मी दिसतोय का?"

"नाही अण्णा."

"आता?"

"नाही."

"आता?"

"टक्कल दिसतंय."

"म्हणजे पोरगं गेलं की!" ते उठले, शर्ट झाडला. "माझं टक्कल दिसेपर्यंत लहान पोर चाकाखाली. रिजेक्ट."

टायवाला घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आला होता. त्याला वाटलं, सरांना चक्कर आली. पद्मक्कांनी ग्लास घेतला आणि पिऊन टाकला. त्यांना हे सगळं नवीन नव्हतं. बँकेतला त्यांचा भाचा, समोरची डॉक्टरीण, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची सून, सगळ्यांच्या पहिल्या गाड्या अण्णांनीच पास केलेल्या.

दुसऱ्या शोरूममधली गाडी मागच्या सीटच्या मधल्या पट्ट्यावरून गेली. तिथे नुसता कमरेचा पट्टा होता. "मधला माणूस काय सावत्र आहे?" तिसरी गाडी पास झाली. सीट स्वल्प उंच, खांब बारीक, मागची काच मोठी, छोट्या जागेत वळणारी. टक्करीच्या चाचणीचे तारे त्यांनी बघितले, सहाच्या सहा एअरबॅग कुठे कुठे आहेत ते हात लावून बघितलं. पण ते सगळं शेवटी. मी म्हटलं, "अण्णा, आजकाल लोक तर सगळ्यात आधी हेच बघतात." म्हणाले, "एअरबॅग आपटल्यानंतर, अम्मा. ती पाहिजेच. पण नवीन माणसाला आपटायच्या आधी काय दिसतं, ते मला आधी कळू दे." मला राखाडी रंग हवा होता. "रस्त्याच्याच रंगाची गाडी? पावसात कुणाला दिसणार तू? रिजेक्ट." तेव्हा पांढरी. मग छपरावर दोन थापा. सरी.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही हं. मागचा कॅमेरा नको म्हणून ते माझ्याशी भांडले होते. "टीव्ही बघत गाडी मागे घ्यायची? मान कशाला दिलीय देवानं?" महिन्याभरात गल्लीतलं कुत्रं माझ्या मागच्या चाकाशी झोपलेलं मला त्याच कॅमेऱ्यात दिसलं. मी सांगितलं. ते बाहेर आले, चाकाशी पुन्हा बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगून आले, "कॅमेरा बसवून घ्या. मी चुकीचं सांगितलं होतं."

असा माणूस. गावाला पास करणारा. आणि याच माणसाने पद्मक्कांना दोन महिने एकही गाडी पास केली नाही!

पद्मक्का गाडी शिकल्या साठीला टेकताना, आणि हौस म्हणून नव्हे. त्यांची मोठी बहीण कमलक्का शहराच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीत मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिले काही महिने रोज व्यायामाला नेलं तर चालतील, नाहीतर खाटेवरच. मुलगा सकाळी कामाला जाणार तो रात्री येणार. माझं ऑफिस पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मी फक्त शनिवार-रविवारी कामाची. पद्मक्का डबा घेऊन दोन बस बदलून जायच्या, तिथे टॅक्सी बोलवायच्या, ती येतो येतो म्हणून ऐनवेळी रद्द व्हायची. आठवड्यातले निम्मे दिवस व्यायाम बुडायचा. परत आल्या की जिन्याच्या पायरीवर बसून म्हणायच्या, "आज पण नाही झालं गं. कमल माझ्याकडे नुसती बघत होती."

तुम्ही म्हणाल, अण्णांची गाडी नव्हती का? होती. जुनी, निळी, पोर्चमध्ये. आधी तेच न्यायचे. मग त्यांचं एकेक सुरू झालं. तिकडे जाणाऱ्या उंच पुलावर वारा फार लागतो. क्लच जड झालाय. ट्रॅफिकमध्ये डोकं दुखतं. एक दिवस गाडीवर कव्हर चढलं ते उतरलंच नाही. आम्हाला वाटलं, वय झालं. डाव्या बाजूला पत्र्यावर एक लांब ओरखडा होता, फाटकाच्या खांबाला घासलेला. त्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायचे, "खांब पुढे आलाय."

पद्मक्का म्हणाल्या, मग मीच शिकते. शिकल्या. पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाल्या, आठाचा आकडासुद्धा न अडखळता काढला. जुनी गाडी मागितली तर अण्णा म्हणाले, "तिला एअरबॅग नाही, काही नाही. तुला देणार नाही." तेव्हा नवीन छोटी घ्यायची ठरली, आणि शनिवारी-शनिवारी आमची वरात निघायला लागली.

एक गाडी, बोनेट उंच. रिजेक्ट. दुसरी, ब्रेक पायाला लांब. रिजेक्ट. तिसरीचा हॉर्न बारीक. चौथीच्या आरशाला थरथर. मी मनात म्हटलं, बायकोची काळजी, दुसरं काय. पण पद्मक्कांचं तोंड दर शनिवारी लहान होत चाललं होतं. शेवटी मी डाव टाकला. त्यांना घेऊन गेले त्याच शोरूमला, माझ्याच गाडीसमोर. तीच गाडी, तोच पांढरा रंग. अण्णा आत बसले. समोर बघत राहिले. या वेळी कुणाला मागेपुढे चालायला सांगितलं नाही. मग उतरले आणि म्हणाले, "रिजेक्ट."

"अण्णा!" माझा नागपुरी आवाज सगळ्या शोरूमला ऐकू गेला असेल. "अहो, ही माझीच गाडी आहे! तुम्हीच पास केलीय!"

"ते तेव्हाचं झालं की."

"खांब वाढला का तिचा मधल्या काळात?"

अण्णा रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पद्मक्का गाडीचं दार लावून शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या गावाला पास, बायकोला रिजेक्ट. यांना मी चालवायलाच नकोय." दोन दिवस घरात फक्त ताकभात शिजला. मला खरंच राग आला होता अण्णांचा. तिकडे एक बाई खाटेवर पडल्या पडल्या वाट बघतेय आणि हे हॉर्नचा आवाज ऐकत बसलेत! मीसुद्धा जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायची.

मग खंडेनवमी आली. बंगलोरात तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी गावातलं एकूण एक चाक पूजेला उभं असतं. बस, रिक्षा, सायकल, सगळ्यांना झेंडू. चाकांखाली लिंबं. आणि गाडीवरून ओवाळून कोहळा फोडायचा, आत कुंकू भरलेला, भर रस्त्यात. दुपारपर्यंत प्रत्येक गल्ली लाल-पांढऱ्या गराने बरबटलेली असते आणि स्कूटरवाले त्यावरून घसरत असतात. अण्णांचं या दिवशी एक ठरलेलं काम होतं. सगळ्यांच्या पूजा झाल्या की ते खराटा आणि घमेलं घेऊन निघायचे आणि गल्लीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सगळा कोहळा झाडून उचलायचे. लोक हसायचे. ते म्हणायचे, "यांची दृष्ट उतरते, मागून येणाऱ्याचं हाड मोडतं. हे कसलं की?" घरचा कोहळा त्यांनी कधी फोडू दिला नाही. तो ओवाळून आत जायचा आणि पद्मक्का त्याचं सांबार करायच्या.

त्या वर्षी मी माझ्या गाडीची पूजा करत होते, पद्मक्का फाटकात आरतीचं ताट घेऊन उभ्या. अण्णा गल्ली खालून वर झाडत परत आले, घमेलं भरलेलं, कपाळावर घाम. "आयतु. झालं. साफ." एवढ्यात वरून एक स्कूटर आली. चालवणारी बाई, पुढे लहान मुलगी उभी. आमच्या फाटकासमोर, अण्णांच्या डाव्या हाताला, तिचं मागचं चाक सर्रकन गेलं. बाईने दोन्ही पाय टेकले, कशीबशी सावरली. पडली नाही, देवाची कृपा. अण्णांकडे रागाने बघून कन्नडमध्ये काहीतरी बोलली आणि गेली.

मी बघितलं. रस्त्याच्या त्या सगळ्या कडेला कोहळ्याच्या मोठमोठ्या फोडी तशाच पडलेल्या होत्या. उजवी बाजू लख्ख, आणि डावीकडे लाल चिखल. वर येताना दिसत होती तेवढीच कड त्यांनी झाडली होती.

"मी साफ केलं होतं की," अण्णा म्हणाले. "कुठून आलं हे?"

पद्मक्कांनी ताट माझ्या हातात दिलं. खाली वाकून दोन फोडी उचलल्या, घमेल्यात टाकल्या. मग त्या अण्णांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, हातभर अंतरावर.

"इकडे वळू नका. समोर बघा," त्या म्हणाल्या. "मी दिसतेय का?"

अण्णा समोरच बघत राहिले.

एक पाऊल पुढे आल्या. "आता?"

त्यांनी खराटा दोन्ही हातांत धरला.

"आता?"

जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आल्या तेव्हा अण्णा म्हणाले, "हो."

"अय्यो देवा," पद्मक्का म्हणाल्या. माझ्या हातातलं निरांजन वाऱ्याने विझलं तरी मला कळलं नाही.

अण्णा पायरीवर बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यालाही डाव्या कडेने लागलेला. पावसाळ्यातच कळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. थेंब ते न्हाणीघरात लपवून घालत होते. गाडीवर कव्हर त्यासाठी चढलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो की. कमलचं असं झालं. तू तिकडे धावतेस. त्यात आणि माझं कशाला?"

"बरं. मग माझ्या गाड्या का रिजेक्ट केल्या? मी चालवावी म्हणून तर जास्तच पास करायला हव्या होत्या!"

अण्णा बराच वेळ खराट्याच्या काड्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "मला तपासता येत नाही, पद्मा. मी सीटवर बसतो. डावा खांब बारीक की जाड, त्याच्याआड कोण गेलं, मला दिसतच नाही. माझा गेज बिघडलाय. बिघडलेल्या गेजनं तुझ्या गाडीला सरी कसं म्हणू? तू त्यात बसणार. कमलला बसवणार." त्यांनी खराटा पायरीला टेकवला. "मोजता आलं नाही ते पास नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पावसाळ्यापासून या माणसाने कुणालाच सरी म्हटलं नव्हतं. माझ्या ऑफिसातले दोघं गाडी बघायला चला म्हणून आले होते, त्यांना 'माझे गुडघे दुखतात' असं सांगून परत पाठवलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पद्मक्कांना मात्र आता खरा राग चढला. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, गेज बिघडला तर काय करायचे तुमच्या कारखान्यात?"

"दुसरा मागवायचो."

"मागवायचा ना? कारखाना बंद नाही करायचा?"

"नाही."

"मग मी काय मेले आहे का? माझे दोन डोळे घ्या की! तुम्ही विचारा, मी बघून सांगते." एवढं बोलल्या आणि मग पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. त्याच पदराला कुंकू लागलेलं होतं. दोघांचीही तोंडं लाल झाली. मी हसू की रडू अशी उभी. शेवटी अण्णाच म्हणाले, "स्नेहलम्मा, तुमची आरती विझली की."

पुढच्या शनिवारी पुन्हा वरात. या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर पद्मक्का, शेजारी अण्णा डोळे मिटून, आणि गाडीभोवती बसत-उठत मी. माझे पण गुडघे आता आईवर चाललेत, पण कुणाला सांगता.

"डावा खांब?" अण्णा आतून विचारायचे.

"दोन बोटं."

"त्याच्याआड स्नेहल किती वेळ जाते?"

"गेली... आली. लगेच आली."

"मागे?"

"केस दिसतात."

"पोराला पण केस असतात. पण ती कुठवर बसलीय ते सांग."

पहिली गाडी बरी वाटत होती. अण्णांचे प्रश्न संपले होते. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात पद्मक्का म्हणाल्या, "नाही. मान वळवली की या सीटचं डोकं मध्ये येतं. रिजेक्ट." अण्णांनी डोळे उघडले. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. टायवाल्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? रिजेक्ट म्हणाल्या मॅडम."

दुसरी गाडी म्हणजे पुन्हा माझीच, तीच पांढरी. पद्मक्कांनी तिला पुढून, मागून, दोन्ही खांबांआडून बघितलं. ब्रेक दाबला, आरसा हलवला, मधला पट्टा ओढला. मग नुसत्या अण्णांकडे बघत राहिल्या. अण्णांनी विचारलं, "सगळं दिसलं?" "सगळं." त्यांनी खिडकीतून डावा हात बाहेर काढला, चाचपत छपरावर नेला आणि दोन थापा मारल्या. "सरी."

कमलक्का संक्रांतीला काठी टेकत आमच्या फाटकातून चालत आत आल्या आणि मला तिळगूळ दिला. उजव्या हाताने. उन्हाळ्यात माझी पुण्याला बदली झाली आणि बनशंकरी सुटली. अजून फोन होतात. पण मला अण्णा आठवतात ते गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीचे.

सकाळची वेळ. पद्मक्का पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत इलेक्ट्रॉनिक सिटीला निघालेल्या. मागच्या सीटवर डबा, आणि कमलक्काच्या पाठीला लागेल म्हणून एक उशी. चाकांखाली लिंबं ठेवून झाली. आणि अण्णा निघाले गाडीभोवती. मागे बसले. कट्.

"मी दिसतोय का?"

"दिसताय."

डाव्या चाकाशी. "आता?"

"दिसताय हो."

पुढे, बोनेटच्या खाली. "आता?"

"टक्कल दिसतंय," पद्मक्का म्हणाल्या, आणि त्यांनी हॉर्न वाजवला. "उठा आता, तिचा व्यायाम चुकेल."

ते उठले, डावीकडच्या दाराशी आले. कडी चाचपत होते, ती मीच उघडून दिली. माझी जीभ काही गप्प बसेना. मी म्हटलं, "अण्णा, डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि डावीकडेच बसताय. बाहेरचं काय दिसणार तुम्हाला?"

"बाहेरचं ती बघते की," अण्णा म्हणाले. "इथून मला ती दिसते."

पद्मक्कांनी वाकून त्यांचा पट्टा ओढून लावला, आरसा बघितला, दिवा दिला. लिंबं फुटली आणि गाडी हळूहळू उतारावरून खाली निघाली. कोपऱ्यावर थांबली, दोन्हीकडे बघून वळली. वळेपर्यंत मागच्या मोठ्या काचेतून मला अण्णांचं पांढरं डोकं दिसत होतं, रस्त्याकडे नाही, पूर्ण उजवीकडे वळलेलं.